ज्येष्ठांची कातडी पुन्हा पुन्हा फाटते: कारण कसं शोधायचं आणि जखम कशी हाताळायची

तक्रार साधारण अशी असते. टेबलाच्या कडेला नुसता हात लागला तरी आजोबांच्या हाताची साल निघते. पट्टी बांधली, जखम भरली, आणि थोड्याच दिवसांत तिथूनच चार बोटं वर नवी जखम. किंवा जुनी जखम भरत आलेली असते आणि पट्टी काढताना शेजारची चांगली कातडी पट्टीबरोबर निघून येते. मग मलम बदलतात, साबण बदलतात, कुणीतरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवतं. जखमा काही थांबत नाहीत.

मलमात दोष असतोच असं नाही. कातडी कशावर आपटली, आधार देताना कुणी कशी धरली आणि चिकटपट्टी कशी ओढली गेली, या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय जखमांची मालिका तुटत नाही. त्यामुळे कामं दोन आहेत: झालेली जखम नीट भरू देणं आणि पुढची होऊ न देणं. आत्ता घरात ताजी जखम असेल तर तिथूनच सुरू करा.

आत्ताच फाटली असेल तर

आधी रक्त थांबवा. स्वच्छ गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड) किंवा धुतलेला सुती रुमाल जखमेवर ठेवा, तळहाताने सपाट दाब द्या आणि हात किंवा पाय उशीवर उंच ठेवा. घड्याळ लावून सलग १० मिनिटं. "थांबलं का?" म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की बसत आलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर १५ मिनिटं धरा. त्यानंतरही कापड भिजतच असेल तर दाब न सोडता दवाखाना गाठा.

रक्त थांबलं की जखम धुवायची. नॉर्मल सलाईनची, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याची बाटली असेल तर उत्तम, नसेल तर पिण्यायोग्य कोमट पाणी चालतं. धार हळू हवी. फाटलेल्या पापुद्र्याखाली रक्ताची गुठळी किंवा कचरा राहिला तर पापुद्रा खालच्या थराला धरत नाही, म्हणून पाणी त्याच्या खालीही जाऊ द्या. आजूबाजूची कातडी टिपून कोरडी करा, पुसू नका.

आता मुख्य काम. निघालेला पापुद्रा बहुतेक वेळा गुंडाळून जखमेच्या एका कडेला गोळा झालेला असतो. तो मेलेला दिसतो आणि कात्रीने कापून टाकायचा मोह होतो. कापू नका. तो परत जागेवर बसवला तर जखमेवरचं सगळ्यात चांगलं आवरण तोच असतो. हातमोजे घाला, कापसाची काडी सलाईनमध्ये भिजवा आणि पापुद्रा जिथे अजून जोडलेला आहे तिथून सुरुवात करून मोकळ्या कडेकडे हलक्या हाताने उलगडत न्या. कोरडी काडी त्याला चिकटून तो ओढते, म्हणून ती ओलीच हवी. पापुद्रा वाळून ताठ झाला असेल तर सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ५ ते १० मिनिटं ठेवा, मऊ पडतो. कडेपर्यंत पोचला नाही तर ताणून पोचवू नका. ताणलेला पापुद्रा रक्तपुरवठा कमी पडून काळा पडतो. मधे थोडी उघडी जागा राहिली तरी चालते, ती खालून भरून येते.

पापुद्रा पूर्ण असेल आणि जागेवर बसला असेल तर ही सगळ्यात सौम्य जखम. थोडा भाग गेला असेल तर मधली. पूर्ण निघून गेला असेल आणि लालभडक उघडी जागा दिसत असेल तर सगळ्यात गंभीर. हे लिहून ठेवा, पुढे डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं. मोबाईलवर फोटो काढताना शेजारी एखादं नाणं किंवा मोजपट्टी ठेवली तर आकार कमी होतोय की नाही हे नंतर भांडण न होता कळतं.

वर काय लावायचं

मऊ सिलिकॉनचा थर असलेलं ड्रेसिंग ही पहिली पसंती. पाझर जास्त असेल तर त्याला फोमची जोड असलेलं. सिलिकॉन कोरड्या कातडीला हलकं धरतं, ओल्या जखमेला चिकटत नाही. आकार असा निवडा की जखमेच्या चारी बाजूंनी निदान २ सेंटीमीटर चांगल्या कातडीवर येईल.

लावून झालं की वर पेनाने एक बाण काढा. बाणाची दिशा अशी: पापुद्रा जोडलेल्या बाजूकडून मोकळ्या कडेकडे. ड्रेसिंग काढायचं ते बाणाच्याच दिशेने. उलट्या दिशेने काढलं तर बसलेला पापुद्रा ड्रेसिंगबरोबर पुन्हा उघडतो. शेजारी तारीख लिहा. दोन जण आळीपाळीने काळजी घेत असतील तर हा बाण नसल्यामुळे पापुद्रे वाया जातात.

मग हात लावू नका. वरून पाझर दिसत नसेल, वास नसेल, दुखणं वाढत नसेल तर ड्रेसिंग ५ ते ७ दिवस तसंच राहू द्या. रोज उघडून बघणं ही काळजी वाटते, पण रोज थोडा थोडा पापुद्रा उचलला जातो. "दिवसातून दोनदा ड्रेसिंग बदला" हा सल्ला या प्रकारच्या जखमेला लागू होत नाही.

सिलिकॉनचं मिळालं नाही तर पॅराफिन लावलेल्या जाळीदार गॉजचे दोन थर, वर कोरडं गॉज, आणि त्यावर सुती रोलर बँडेज सैलसर गुंडाळा. बँडेजचं टोक बँडेजलाच चिकटवा, कातडीला नाही. हे गॉज एक-दोन दिवसांत सुकून धरतं, तेव्हा बदलताना आधी सलाईनने नीट भिजवा.

काय नको, ते थोडक्यात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नवी पेशीही मारतात. आयोडीनची औषधं जखम आणि भोवतालची कातडी कोरडी पाडतात. कुठलीही पूड पापुद्र्याखाली खड्यांसारखी बसते. जखमेच्या कडा जोडणाऱ्या बारीक चिकट पट्ट्या आणि टाके इथे सहसा टाळतात, कारण ज्या कातडीला टोचायचं किंवा चिकटवायचं तीच टिकत नाही. पारदर्शक चिकट फिल्म आणि जेलीसारखी घट्ट धरणारी ड्रेसिंगही नकोत; ती लावताना छान दिसतात, काढताना नवी जखम करतात.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते विचारा. स्वच्छ, लहान जखम असेल तर १० वर्षांपेक्षा आणि मातीची किंवा गंजलेल्या वस्तूची असेल तर ५ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असल्यास डॉक्टरांकडे जा. अनेक ज्येष्ठांचा लशीचा मूळ क्रमच पूर्ण झालेला नसतो.

एवढ्याशा धक्क्याने का फाटते

कातडीचा वरचा थर आणि खालचा जाड थर यांच्यामधली रेषा तरुणपणी सरळ नसते, नागमोडी असते. पन्हाळी पत्रे एकमेकांत बसले की सरकत नाहीत, तसे हे दोन थर एकमेकांत रुतलेले असतात. वय वाढतं तशी ही नागमोडी रेषा सपाट होते. वरचा थर खालच्यावर नुसता टेकलेला राहतो आणि बाजूने जोर आला की सरकून सुटतो. सरळ दाबापेक्षा घासत जाणारा, तिरपा जोर जास्त घातक असतो तो यामुळेच. भरीला कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) कमी झालेलं, खालची चरबी झिजलेली, तेलग्रंथी मंदावलेल्या. बारीक रक्तवाहिन्यांना आधार देणारं उरत नाही, म्हणून किरकोळ दाबानेही जांभळे डाग उठतात.

कातडी किती ओली-मऊ आहे यावर मात्र आपला ताबा असतो, आणि जोर कुठून येतो यावर तर पूर्णच.

जागा बघा, कारण कळतं

एक छोटी वही ठेवा: तारीख, कुठल्या बाजूचा कुठला भाग, वेळ, त्या वेळी काय चाललं होतं. चार-पाच नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. साधारण असे नमुने भेटतात.

मनगट ते कोपर, बाहेरची बाजू: सामान, दाराची मूठ, व्हीलचेअरचा हात. सगळ्या जखमा एकाच बाजूला असतील तर खुर्चीतून पलंगावर घेताना ती बाजू कुठल्या कडेजवळून जाते ते बघा. पक्षाघात झालेल्या माणसाचा कमजोर हात खुर्चीबाहेर लोंबतो आणि दाराच्या चौकटीत घासतो. त्याला ते जाणवतही नाही. उपाय: दारातून नेण्याआधी हात मांडीवर, आणि खुर्चीच्या हातावर फोमचं आवरण.

हाताची मागची बाजू: रक्त तपासणी किंवा सलाईननंतर लावलेली चिकटपट्टी हे पहिलं संशयित. त्यानंतर खिशाची कडक कड, शर्टाच्या बाहीचं बटण, घड्याळाचा पट्टा.

दंड आणि काख: उठवताना धरल्याच्या खुणा. अर्धगोल फाटणं किंवा बोटांच्या आकाराचे जांभळे डाग दिसले तर कुणीतरी घट्ट पकडून ओढतंय. बहुतेकदा ते घाईत आणि भीतीपोटी असतं, पडू नयेत म्हणून. पण डाग वारंवार दिसत असतील, माणूस एखाद्या ठरावीक व्यक्तीसमोर गप्प होत असेल, तर हा प्रश्न कातडीचा राहत नाही. तो विचारावाच लागतो.

नडगी: व्हीलचेअरचा पाय ठेवायचा पत्रा, पलंगाची लोखंडी चौकट, बाथरूममधलं स्टूल. खुर्चीत बसवण्याआधी आणि उठवण्याआधी तो पत्रा पूर्ण वर उचलून बाजूला फिरवा, ही एक सवय निम्म्या जखमा टाळेल असा आमचा कयास आहे. नडगीवर कातडीखाली लगेच हाड असतं, रक्तपुरवठा तोकडा आणि पायावर सूज, म्हणून इथली जखम हातापेक्षा बरीच जास्त दिवस घेते.

घोट्याभोवती गोल रेषा: मोज्याचं घट्ट इलॅस्टिक. कानामागे आणि नाकावर: ऑक्सिजनची नळी किंवा चष्मा.

वेळही सांगते. सकाळी उठल्यावर जखम दिसली तर रात्री बाथरूमला जाताना अंधारात काहीतरी लागलं किंवा पलंगाच्या कठड्यात हात अडकला. अंघोळीनंतर दिसली तर टॉवेल. नखांनी ओढलेल्या सरळ रेषा असतील तर खाज, आणि नखं कुणाची ते बघा: त्यांची, की काळजी घेणाऱ्याची.

कारण कळलं की त्या एका जागेवर काम करा. सगळं घर फोमने मढवायची गरज नसते. कडांना फोमची पट्टी, रात्री पलंग ते बाथरूम मंद दिवा, नखं कानसने घासून गोल. हातापायांवर दिवसभर काहीतरी असू द्या: लांब बाह्यांचा मऊ सुती सदरा, किंवा नळीसारखं विणलेलं बँडेज मनगटापासून कोपरापर्यंत, पायावर घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत. हे बँडेज चढवताना ओढून सरकवायचं नाही. आधी आपल्या हातावर गोळा करा, त्यांचा हात आत घाला आणि टप्प्याटप्प्याने उलगडत न्या. वर सुरकुती पडू देऊ नका, आणि रात्री काढून कातडी बघा.

पट्टी काढताना फाटते

ही स्वतंत्र समस्या आहे आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. "झटकन ओढलं की दुखत नाही" हे तरुण कातडीपुरतं खरं.

पट्टीची एक कड सोडवा. सोडवलेला भाग वर न उचलता कातडीला जवळजवळ समांतर, मागे दुमडून धरा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी पट्टी जिथे कातडीला धरून आहे तिथली कातडी दाबत पट्टीपासून लांब करा. म्हणजे पट्टी कातडीवरून ओढायची नाही, कातडी पट्टीपासून सोडवायची. दर सेंटीमीटरला थांबून बोटं पुढे सरकवा. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने जा. धरून बसली असेल तर चिकटपणा सोडवणारा सिलिकॉनचा फवारा, तो नसेल तर खाण्याचं तेल किंवा मॉइश्चरायझर कडेवर लावून दोन-तीन मिनिटं थांबा. तेल लावल्यावर त्याच जागी लगेच नवी पट्टी धरत नाही, तेव्हा नवी पट्टी तिथेच हवी असेल तर फवारा बरा.

मुळात चिकट काही लावूच नका. सुईची जागा असेल तर गॉज ठेवून ५ मिनिटं बोटाने दाब, मग रोलर बँडेजचे दोन सैल वेढे. चिकटवायलाच हवं असेल तर सिलिकॉनची टेप, आणि तीही न ताणता लावलेली. ताणून लावलेली टेप आखडते आणि कडेला फोड उठवते.

कातडी मऊ ठेवणं: किती, केव्हा, कसं

ऑस्ट्रेलियातल्या वृद्धनिवासांमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसातून दोनदा हातापायांना मॉइश्चरायझर लावलेल्या लोकांत कातडी फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. इतका स्वस्त आणि साधा दुसरा उपाय या विषयात नाही. तरी तो चुकतो, आणि चुकतो तो प्रमाणात. मटाराएवढं क्रीम पूर्ण हाताला पुरत नाही. एका हाताला साधारण एक छोटा चमचा, एका पायाला दीड चमचा, सकाळ-संध्याकाळ. फक्त दोन हात आणि दोन पाय धरले तरी आठवड्याला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम लागतं. महिन्याला एक छोटी ट्यूब पुरत असेल तर लावणं नावापुरतंच आहे.

अंघोळीनंतर अंग टिपून, कातडी अजून किंचित दमट असताना लावा. आधी दोन्ही तळहातांवर पसरवा, मग केसांच्या दिशेने, वरून खाली, लांब हलक्या हाताने फिरवा. गोल गोल चोळू नका. तेल रगडून जिरवणं या कातडीसाठी धोक्याचं, कारण रगडण्यातला जोर तोच तिरपा जोर आहे. ओलावा थोडा चकचकीत राहिला तर राहू द्या, १० मिनिटांत जिरतो.

सुगंध नसलेलं निवडा. पातळ लोशनपेक्षा क्रीम किंवा मलम जास्त वेळ टिकतं. युरिया असलेलं क्रीम खरखरीत पायांना चांगलं, पण भेगांना आणि उघड्या जागी झोंबतं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल साचून बुरशी धरते. तळपायांना लावलं तर लगेच मोजे घाला, नाहीतर घसरून पडण्याची सोय होते. आणि एक गोष्ट जी डब्यावर बारीक अक्षरांत असते: अशी मलमं मुरलेले कपडे आणि चादरी आगीजवळ झपाट्याने पेट घेतात. सिगारेट, शेगडी, मेणबत्ती यांपासून लांब.

अंघोळ लांबवू नका: १० मिनिटांच्या आत, कोमट पाण्याने. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, आणि म्हातारी कातडी तो धक्का सावरायला वेळ घेते. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. बाकी अंगाला साबणाशिवायचा क्लेन्झर किंवा नुसतं पाणी. घासणी, खरखरीत टॉवेल, दोन्ही बाद.

उचलताना, सरकवताना

हात मनगटाला धरून ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. तळहात उघडा ठेवून खालून आधार द्या, बोटांनी मूठ वळू नका. एक हात कोपराखाली, एक पाठीमागे. पलंगावर वर सरकवायचं असेल तर अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुमडलेली चादर ठेवा; दोन बाजूंनी दोघांनी ती कडेला गुंडाळून धरायची आणि चादरीसकट सरकवायचं. एकट्याने ओढून सरकवलं की टाच, कोपर आणि माकडहाडावरची कातडी गादीला धरून राहते आणि हाडं पुढे सरकतात. एकटेच असाल तर आधी त्यांचे गुडघे वाकवा, पावलं गादीवर टेकवा आणि त्यांना स्वतः रेटा द्यायला सांगा; जमेल तेवढं त्यांचं त्यांनी केलेलं बरं.

काळजी घेणाऱ्याच्या हातात अंगठी, घड्याळ नको. रक्तदाब मोजताना पट्टा उघड्या कातडीवर वारंवार फुगवण्याऐवजी पातळ बाहीवरून लावता येईल का ते विचारा.

औषधं आणि पोट

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी बराच काळ चालू असेल, जोरकस स्टेरॉइड मलम वर्षानुवर्षं लावलं जात असेल किंवा दम्यासाठी जास्त मात्रेचं स्टेरॉइड ओढावं लागत असेल, तर कातडी आणखी पातळ होते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी कातडी पातळ होत नाही, पण फाटल्यावर रक्त जास्त वेळ येतं आणि डाग मोठे पडतात. यातलं काहीही स्वतः बंद करू नका; स्टेरॉइडची गोळी अचानक थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नेमकं विचारा: मात्रा कमी करता येईल का? झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा. रात्री तोल जाऊन आपटण्यामागे त्या बऱ्याचदा असतात. खाजेसाठी दिलेल्या, झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो.

जखमा भरायला प्रथिनं लागतात. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, जखम असताना १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला जखम असताना ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

हे फाटणं नसून दुसरंच असेल तर

हातांवरचे सपाट जांभळे डाग, ज्यांत कातडी शाबूत आहे: वयामुळे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. एक ते तीन आठवड्यांत विरतात, मागे तपकिरी छटा राहते. मलम लागत नाही. मात्र छाती-पोटावर, काही न लागता डाग उठत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर रक्ताची तपासणी हवी. आणि आपटल्यावर नडगीवर कातडीखाली ताठ, दुखरा, वाढता फुगवटा आला तर थांबू नका: आत साचलेलं रक्त वरच्या कातडीचा पुरवठा बंद पाडतं आणि दोन दिवसांत तो सगळा भाग काळा पडू शकतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्याच दिवशी दाखवा.

माकडहाड, टाच, नितंबाच्या हाडावर लाली: बोटाने दाबा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर दाब काढून बघा. पांढरी पडतच नसेल तर ती दाबाच्या जखमेची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी जागा शोधा. त्या जागेवर मालिश नको, भोक असलेली गोल उशी नको. अंथरुणात असतील तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला, कुशीवर पूर्ण न झोपवता पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलते ठेवा. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी.

जांघेत आणि नितंबावर पसरलेली, ओली, झोंबणारी लाली: लघवी-शौचाच्या ओलाव्याने. डायपर लवकर बदला, हलक्या हाताने धुवा, झिंक किंवा डायमेथिकोनचं क्रीम पातळ लावा. जाड थर डायपरची शोषण्याची क्षमता मारतो. झिंकचा जुना थर खरवडून काढू नका, वरचा मळलेला भाग टिपला की पुरे. कडेला बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील तर बुरशी धरली आहे, तिला वेगळं औषध लागतं.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात दुसऱ्यालाही खाज: खरूज. मॉइश्चरायझरने ती जाणार नाही, घरातल्या सगळ्यांना एकदम औषध लागतं.

दाखवायचं केव्हा

जखमेत चरबी, स्नायू किंवा हाड दिसतंय, पापुद्रा पूर्ण गेला आहे आणि जागा तळहाताएवढी आहे, किंवा पापुद्रा काळा पडतोय: त्याच दिवशी. कडेची लाली पेनाने आखलेल्या रेषेबाहेर सरकली, पू आला, वास आला, ताप आला: त्याच दिवशी. ज्येष्ठांना संसर्गात ताप येतोच असं नाही; अचानक गोंधळणं, जेवण सोडणं, झोपून राहणं हीसुद्धा संसर्गाची खूण धरा. हातावरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरायला हवी. चार आठवड्यांत आकार कमी झाला नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पायाची जखम असेल आणि पायावर सूज असेल तर आवळ बँडेज बांधण्याआधी पायाचा रक्तप्रवाह तपासून घ्यावाच लागतो. रक्तप्रवाह कमी असलेल्या पायावर आवळलेलं बँडेज पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतं. मधुमेह असेल तर पावलावरची कुठलीही जखम घरी सांभाळत बसू नका.

तपासणीला किंवा दवाखान्यात जाताना फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा: "त्वचा अतिशय नाजूक. चिकटपट्टी लावू नये. सुईनंतर गॉज आणि रोलर बँडेज. हात ओढू नये." सुई काढण्याआधी ते पान समोर धरा. एकदा पट्टी लागली की ती काढायचं काम घरी तुमच्यावरच येतं.